कार्ड आहे का? ब्रिटनमधल्या किराण्याची १८० वर्षं

ऑगस्ट उजाडला की माझ्याकडे एकाच धर्तीचे मेसेज यायला लागतात. कुणाचा मुलगा लीड्सला चाललाय, कुणाची भाची लेस्टरला. व्हिसा झाला, विमानाचं तिकीट झालं, प्रेशर कुकर बॅगेत बसला. आता प्रश्न एकच उरतो: "तिकडे किराणा कसा परवडतो हो? त्या सुपरमार्केटच्या कार्डांचा खरंच काही फायदा असतो का?"

प्रश्न घरगुती वाटतो, पण तो आता एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. २०२२-२३ या वर्षी ब्रिटनच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकलं. त्यात आपली मराठी मुलंमुलीही आहेतच. विद्यार्थी व्हिसावर पदवीचं शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. म्हणजे कमाईला कुंपण आहे. फी ठरलेली, घरभाडं ठरलेलं. आपल्या हाताने कमीजास्त करता येईल असा मोठा खर्च एकच, किराणा. आणि मार्च २०२३ मध्ये तिथली खाण्यापिण्याची महागाई वर्षभरात १९ टक्क्यांच्या वर गेली होती. चाळीस वर्षांहून जास्त काळात तिथल्या लोकांनी असं पाहिलं नव्हतं.

सरळ उत्तर आधीच देऊन टाकते. कार्डं सगळ्यांची काढा, पहिल्याच आठवड्यात काढा, आणि निष्ठा मात्र एकाशीही ठेवू नका.

असं का, हे समजायला मात्र थोडं मागे जावं लागतं. कारण "लॉयल्टी" या शब्दाचा अर्थ तिथे १८० वर्षांत तीन-चार वेळा बदललाय, आणि दर वेळी कुणी तरी कुणाच्या तरी खिशातून त्याची किंमत मोजलीय.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये गिऱ्हाइकाची निष्ठा मागावी लागत नसे, ती सक्तीने घेतली जाई. काही गिरण्या-खाणींचे मालक मजुरी रोखीत न देता टोकनमध्ये किंवा मालात द्यायचे, आणि ती टोकनं चालायची फक्त मालकाच्याच दुकानात. अशा दुकानांना 'टॉमी शॉप' म्हणत. भाव मालकाचा, वजन मालकाचं, माल जो मिळेल तो. १८३१च्या ट्रक ॲक्टने अनेक धंद्यांत मजुरी नाण्यांतच द्यायची सक्ती केली, तरी पद्धत लगेच मेली नाही. साध्या दुकानांतही भेसळ सर्रास चाले. पावात तुरटी, चहात एकदा वापरून वाळवलेली पानं. आणि ज्याची उधारी थकलेली, त्याने दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची तरी कशी? आपल्याकडे वाण्याची लाल वही ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावर उत्तर शोधलं ते मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावातल्या विणकरांनी आणि कारागिरांनी. मँचेस्टरला शिकत असताना मी एकदा ट्रामने रॉचडेलला गेले होते. टोड लेन, क्रमांक ३१. साधी विटांची इमारत, आता तिथे संग्रहालय आहे. २१ डिसेंबर १८४४ रोजी याच इमारतीच्या तळमजल्यावर २८ जणांनी दुकान उघडलं. भांडवल २८ पौंड, तेही आठवड्याला काही पेनी बाजूला टाकून जमवलेलं. विकायला काय होतं? लोणी, साखर, गव्हाचं पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. बस्स. दुकान उघडायचं तेही फक्त आठवड्यातल्या काही संध्याकाळी.

त्यांचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. माल शुद्ध, माप पूर्ण. उधारी नाही, रोखीनेच व्यवहार. भांडवल कितीही घातलं तरी मत एकच. भांडवलावर व्याज ठरलेलं आणि मर्यादित. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की विक्री बाजारभावानेच करायची, पण हिशेब झाला की जी शिल्लक उरेल ती सभासदांत वाटायची. वाटायची कशी? ज्याने जितकी खरेदी केली, त्या प्रमाणात. याला लोक लाडाने 'डिव्ही' म्हणायला लागले. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक असे, खरेदी केली की तो सांगायचा. इंग्लंडमध्ये आजही असे म्हातारे भेटतात ज्यांना स्वतःचा मोबाइल नंबर आठवत नाही, पण आईचा डिव्ही नंबर तोंडपाठ असतो. कारण त्या पैशांतून मुलांचे बूट यायचे, नाताळची खरेदी व्हायची.

आता बघा, क्रमांक होता, खरेदीची नोंद होती, परतावाही होता. मग आजच्या प्लास्टिकच्या कार्डात आणि त्यात फरक काय? फरक एवढाच की दुकान गिऱ्हाइकाचंच होतं. सभेत हिशेब वाचला जायचा, सभासद हात वर करून प्रश्न विचारू शकायचा. नोंद त्याच्यासाठी ठेवलेली होती, त्याच्यावर नजर ठेवायला नव्हे.

दुसरा अध्याय सुरू होतो १९५८ साली. रिचर्ड टॉम्पकिन्स नावाच्या उद्योजकाने अमेरिकेतली एक कल्पना ब्रिटनमध्ये आणली, 'ग्रीन शील्ड स्टॅम्प'. सहा पेन्सच्या खरेदीवर एक हिरवं तिकीट. ते जिभेने ओलं करून वहीत चिकटवायचं. एका वहीत १,२८० तिकिटं. म्हणजे ३२ पौंडांची खरेदी झाली की एक वही भरणार. भरलेल्या वह्या घेऊन गेलं की कॅटलॉगमधून किटली, ब्लँकेट, घड्याळ असं काही तरी मिळायचं.

दुकानदारांना याची गरज का पडली? कारण तेव्हा अनेक वस्तूंचे किरकोळ भाव उत्पादक कंपनीच ठरवून द्यायची, आणि त्याखाली विकायला दुकानदाराला मुभा नव्हती. भाव पाडता येत नाही, मग गिऱ्हाईक ओढायचं कसं? तिकिटं वाटून. म्हणजे मागच्या दाराने दिलेली सूटच ती. जॅक कोहेनच्या टेस्कोने १९६३ मध्ये ही तिकिटं घेतली. सेन्सबरीजचे लॉर्ड सेन्सबरी मात्र हट्टाने विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं सोपं होतं: तिकिटं काही आभाळातून पडत नाहीत, त्यांचा खर्च शेवटी भावातच चढतो. १९६४ मध्ये पार्लमेंटने ट्रेडिंग स्टॅम्प्स ॲक्ट केला आणि प्रत्येक तिकिटावर त्याची रोख किंमत छापणं बंधनकारक झालं. ती किंमत इतकी चिल्लर होती की छापली जाणं हाच एक धडा होता. त्याच वर्षी भाव ठरवून देण्याच्या जुन्या पद्धतीवरही कायद्याने घाव घातला.

पुढे महागाईचं दशक आलं. लोकांना किटली नको होती, स्वस्त साखर हवी होती. जून १९७७ मध्ये टेस्कोने तिकिटं बंद केली, तो पैसा भाव उतरवण्यात घातला, आणि दुकानं ओसंडून वाहायला लागली. टॉम्पकिन्स तोवर पुढचा डाव खेळून मोकळा झाला होता. १९७३ मध्येच त्याने आपली तिकिटं वटवायची दुकानं नव्या रूपात आणायला सुरुवात केली होती, तीच 'आर्गोस'. आणि गंमत म्हणजे २०१६ मध्ये हे आर्गोस विकत घेतलं कुणी? सेन्सबरीजने. आज सेन्सबरीजच्या नेक्टर कार्डावरचे पॉइंट तुम्ही आर्गोसमध्ये खर्च करू शकता. ज्या घराण्याने तिकिटांविरुद्ध रान उठवलं, त्याच घराण्याच्या नावाचं दुकान आज तिकिटांचीच नवी आवृत्ती वाटतंय. धंद्याची अशीच रीत असते.

तिसरा अध्याय, फेब्रुवारी १९९५. टेस्कोने देशभर क्लबकार्ड आणलं. त्याआधी काही दुकानांत प्रयोग झाला होता आणि एडविना डन व क्लाइव्ह हम्बी या जोडप्याच्या 'डनहम्बी' कंपनीने त्यातल्या आकड्यांचं विश्लेषण संचालक मंडळापुढे मांडलं होतं. ते ऐकून अध्यक्ष इयन मॅकलॉरिन म्हणाले, तीन महिन्यांत यांना माझ्या गिऱ्हाइकांबद्दल जे कळलं ते मला तीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि याचीच भीती वाटते, अशा अर्थाचं. हा किस्सा तिथल्या व्यापारी जगतात दंतकथेसारखा सांगतात. सेन्सबरीजने आधी या कार्डाची इलेक्ट्रॉनिक ग्रीन शील्ड तिकिटं म्हणून टर उडवली. त्याच वर्षी टेस्को देशातला पहिल्या क्रमांकाचा किराणा व्यापारी झाला, आणि १९९६ मध्ये सेन्सबरीजनेही आपलं कार्ड काढलं. २००२ मध्ये त्याची जागा नेक्टरने घेतली.

कार्डाने नेमकं काय बदललं, हे नीट पाहिलं पाहिजे. तिकीट मुकं होतं. कुणी काय घेतलं, हे ते सांगत नव्हतं. कार्ड बोलतं. या घरात लहान मूल आलं, या घरात मांस बंद झालं, ही मुलगी परीक्षेच्या महिन्यात नुसत्या नूडल्स घेतेय, हे सगळं ते सांगतं. पॉइंट हा त्या माहितीचा मोबदला. पुढे टेस्कोने डनहम्बी कंपनीच ताब्यात घेतली. आज टेस्को आणि सेन्सबरीज दोघांचेही स्वतंत्र विभाग आहेत, जे या माहितीच्या जोरावर साबण-बिस्किटं बनवणाऱ्या कंपन्यांना जाहिरातीची जागा विकतात. म्हणजे तुम्ही डाळ विकत घेता आणि तुमची सवय विकली जाते, असे दोन व्यवहार एकाच वेळी चालू असतात.

इथपर्यंतही ठीक होतं. कुणाला माहिती द्यायची नसेल तर त्याने कार्ड काढू नये, चार पॉइंट बुडाले तर बुडाले. खरा बदल झाला तो २०१९-२० मध्ये. टेस्कोने 'क्लबकार्ड प्राइस' आणली. एकाच वस्तूच्या पाटीवर दोन किमती, मोठ्या अक्षरात कार्डवाल्याची आणि बारीक अक्षरात बाकीच्यांची. २०२३ मध्ये सेन्सबरीजने 'नेक्टर प्राइस' आणली, इतरांनीही तोच मार्ग धरला. इथे कार्डाचा अर्थच उलटला. पूर्वी कार्ड असलेल्याला बक्षीस मिळायचं, आता कार्ड नसलेल्याला दंड बसतो.

दंड हा शब्द मी उगाच वापरत नाही, हिशेब करून बघू. समजा एखादी विद्यार्थिनी आठवड्याला ३० पौंडांचा किराणा घेते. टेस्कोत एका पौंडाला एक पॉइंट, आणि १५० पॉइंट झाले की दीड पौंडाचं व्हाउचर. म्हणजे एक टक्का. वर्षभरात मिळाले १५ पौंड ६० पेन्स. नेक्टरमध्ये ५०० पॉइंटचे अडीच पौंड, म्हणजे अर्धा टक्का. वर्षाचे ७ पौंड ८० पेन्स. यासाठी जीव टाकायची गरज नाही. पण तिच्या टोपलीतल्या दहा पौंडांच्या वस्तूंवर कार्डाची किंमत २० टक्क्यांनी कमी आहे असं धरलं, तर आठवड्याला दोन पौंड, वर्षाला १०४ पौंड. पॉइंट म्हणजे फुटाणे, खरा पैसा त्या दोन किमतींच्या फरकात आहे.

ही दुसरी, बारीक अक्षरातली किंमत मुद्दाम फुगवलेली असते का? तिथल्या लोकांना तसा दाट संशय होता. 'सीएमए' म्हणजे तिथल्या स्पर्धा आणि बाजार नियामकाने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. सुमारे ५०,००० वस्तूंच्या किमती तपासल्या. त्यांपैकी ९२ टक्के वस्तूंवरची सवलत त्या दुकानातल्या नेहमीच्या भावाच्या तुलनेत खरी होती. टेस्को, सेन्सबरीज, वेट्रोज, को-ऑप आणि मॉरिसन्स या पाच ठिकाणी कार्डाच्या किमतीत सरासरी १७ ते २५ टक्के बचत दिसली. म्हणजे सरसकट फसवणूक नाही, हे मान्य करायला हवं. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जाहिरातीत येत नाही. कार्डाची किंमत हीच बाजारातली सगळ्यात कमी किंमत असते असं नाही, म्हणून फिरून भाव बघा. आल्डीकडे तर कार्डच नाही, एकच भाव, आणि कितीतरी साध्या गोष्टी तिथे दुसरीकडच्या 'खास' किमतीइतक्याच किंवा त्याहून स्वस्त मिळतात.

कोर्टातही एक मजेशीर प्रकरण गाजलं. टेस्कोने क्लबकार्ड प्राइससाठी निळ्या चौकोनात पिवळं वर्तुळ वापरलं. लिडल म्हणालं, हे आमच्या बोधचिन्हासारखं दिसतंय आणि टेस्कोचे भाव आमच्याशी जुळतात असा लोकांचा समज होतोय. २०२३ मध्ये हायकोर्टाने आणि मार्च २०२४ मध्ये अपील कोर्टाने लिडलच्या बाजूने कौल दिला, टेस्कोला ती पाटी बदलावी लागली. एका पिवळ्या वर्तुळासाठी दोन अवाढव्य कंपन्या एवढ्या भांडतात, यावरूनच ओळखा की त्या पाटीत किती पैसा आहे.

मग दंड नेमका कुणाला बसतो? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही अशा आजीला. ज्याला आपली माहिती द्यायची नाही त्याला. आणि नुकत्याच उतरलेल्या विद्यार्थ्याला. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे तिथला नंबर नसतो, राहायचा कायमचा पत्ता नसतो, फोनचं ॲप स्टोअर भारतातलं असल्यामुळे काही ॲप दिसतच नाहीत. आणि नेमका त्याच आठवड्यात तो तेल-मिठापासून सगळं भरत असतो. सगळ्यात मोठी खरेदी, आणि ती सगळ्यात महाग भावाने.

म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं असं. सिम मिळालं की त्याच दिवशी, पहिल्या मोठ्या खरेदीच्या आधी, टेस्को, सेन्सबरीज आणि लिडलची कार्डं फोनवर घ्या, ती फुकट आहेत. को-ऑपचं सभासदत्व एका पौंडात मिळतं. तुमच्या घराजवळ जे दुकान असेल त्याचं आधी. पाटीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात किलोमागे किंवा शंभर ग्रॅममागे भाव लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही, आणि 'खास किंमत' लावलेलं ब्रँडचं पाकीट दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडपेक्षा बरेचदा महागच पडतं. संध्याकाळी उशिरा गेलात तर मुदत संपत आलेल्या मालावर पिवळे स्टिकर लागतात, ब्रेड-भाज्या-दूध तेव्हा घ्या. त्याला कार्ड लागत नाही.

आणि कणीक, तांदूळ, डाळी, मसाले? त्यासाठी मँचेस्टरचा विल्म्स्लो रोड, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड, लंडनचं साउथॉल किंवा वेम्बलीचा ईलिंग रोड गाठा. चार जण मिळून दहा किलोची गोणी घ्या आणि वाटून घ्या. तिथे बहुधा कुणी कार्ड विचारणार नाही. चार जणांनी मिळून गोणी घेणं, ही खरं तर रॉचडेलचीच युक्ती आहे.

आपल्यासाठी ही काही परकी गोष्ट नाही. १९१२च्या कायद्याने भारतात पतपुरवठ्यापलीकडच्या सहकारी संस्थांना नोंदणीचा रस्ता मोकळा झाला. १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत 'अपना बाजार' उभं राहिलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, यादी द्यायची, माल एकत्र घ्यायचा आणि सोसायटीच्या आवारात बसून वाटून घ्यायचा. दादर-पार्ल्यातल्या कित्येक घरांत महिन्याचा किराणा असाच आला. त्या बायकांना कुणी पॉइंट दिले नाहीत. पण भाव कसा ठरला, हे त्यांना माहीत असायचं.

आज आपल्याकडेही मॉलमध्ये बिल करताना पहिला प्रश्न येतो, "मोबाइल नंबर?" नंबर नाही दिला तर काउंटरवरचा मुलगा गोंधळतो, मागची रांग चुळबुळते. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला सांगावं लागलं की नंबर दिल्याशिवाय विक्री करणार नाही, अशी सक्ती दुकानदाराने करू नये. त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. पण दोन किमतींची पाटी हा प्रश्न माहितीपुरता नाही, तो भावाचा आहे. उद्या पुण्यात किंवा नाशकात तूरडाळीच्या खणावर "ॲपवाल्यांना इतके, बाकीच्यांना तितके" असं लागलं तर तक्रार कुणाकडे करायची? ज्या बाईकडे साधा फोन आहे तिने त्याच डाळीला जास्त पैसे का मोजायचे? ब्रिटनच्या नियामकाने निदान ५०,००० वस्तू तपासून आकडे लोकांपुढे ठेवले. आपल्याकडे ती तपासणी कोण करणार, हे पाटी लागायच्या आधी ठरायला हवं.

तेव्हा यंदा जाणाऱ्या मुलांनी कार्डं जरूर काढावीत. कार्ड न काढणं ही आता तत्त्वाची चैन आहे आणि ती २० तास काम करणाऱ्याला परवडत नाही. फक्त कार्ड दाखवताना लक्षात असू द्या की हे बक्षीस नाही. आपली आठवड्याची यादी देऊन तुम्ही साधा भाव परत मिळवताय.

जे सध्या तिकडे शिकतायत त्यांनी आपल्या शहरातले तांदूळ, डाळ, दूध आणि अंड्यांचे भाव खाली जरूर लिहा, कार्डासकट आणि कार्डाविना. मागून येणाऱ्यांना त्या यादीचा कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोग होईल.